चांगलें करणें आणि चांगलें होणें

(उपदेशकांसाठीं व मंडळ्यांच्या अभ्यासवर्गांसाठीं पाठ)

१. एका वृद्धाचा प्रश्न

कांहीं दिवसांपूर्वीं एका वस्तीवर सायंकाळचा वर्ग संपवून आम्ही निघालों, तेव्हां एक वृद्ध बंधु बॅटरी घेऊन आम्हांस सडकेपर्यंत पोंचवावयास आले. जन्मभर दुसऱ्याच्या शेतांत राबून त्यांनीं आपलीं मुलें वाढविलीं आहेत. वाटेंत ते म्हणाले, "पाळकसाहेब, दारू सोडली त्याला वीस वर्षें झालीं. आतां कोणी पुढें ठेवली तरी मन जात नाहीं. कोणाचें देणें ठेवलें नाहीं. रविवार चुकवीत नाहीं. पण धाकट्या भावानें जमिनीचा तुकडा घेतला, विहीर खणली, तिला पाणी लागलें. मी स्वतः जाऊन दोन दिवस गाळ काढूं लागलों, आणि आंत मात्र जळत होतों. मग मला सांगा, मी चांगला झालों, कीं नुसतें वाईट करायचें थांबविलें?"

त्या रात्रीं आमच्याकडून त्यांस पुरें उत्तर देववलें नाहीं. घरीं आल्यावर ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न लहान नाहीं. पाश्चात्य नीतिशास्त्राचा सुमारें चोवीसशें वर्षांचा इतिहास दोन प्रश्नांमध्यें हेलकावे खात आला आहे. एक, 'मीं काय करावें?' दुसरा, 'मीं कसें व्हावें?' पहिला प्रश्न कृत्याचा, दुसरा शीलाचा. कोणत्या काळीं कोणता प्रश्न पुढें होता, आणि त्यामुळें काय मिळालें व काय गमावलें, हें ह्या पाठांत पाहावयाचें आहे.

२. सद्गुण जडतो कसा?

इ. स. पू. ३९९ मध्यें अथेन्स नगरांत सॉक्रेटिस ह्या वृद्ध तत्त्ववेत्त्यास मृत्युदंड झाला. तो लोकांस गांठून विचारीत असे कीं, धैर्य, न्याय, भक्ति असे शब्द तुम्ही उच्चारतां, परंतु त्यांचा अर्थ काय? त्याचा शिष्य प्लेटो ह्यानें विवेक, धैर्य, संयम व न्याय हे चार सद्गुण मुख्य मानले. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४ ते ३२२) ह्यानें मनुष्यास सद्गुण जडतो कसा, ह्याचा पद्धतशीर विचार केला. त्याचा 'निकोमाखियन नीतिशास्त्र' हा दहा भागांचा ग्रंथ आजही विद्यापीठांतून शिकविला जातो.

त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. दगड वर फेकला तर खालींच येतो. दहा हजार वेळां फेकला तरी त्यास वर जाण्याची सवय लागत नाहीं, कारण तो त्याचा स्वभाव. सद्गुण तसा नव्हे. तो जन्मतः आपल्या ठायीं नसतो, परंतु आपल्या स्वभावाच्या विरुद्धही नसतो. आपण तो घेऊं शकतों, आणि सरावानें तो पक्का होतो. गवंडी घर बांधतां बांधतां गवंडी होतो. वाजविणारा वाद्य वाजवितां वाजवितां वादक होतो. त्याचप्रमाणें न्यायाचीं कृत्यें करतां करतां मनुष्य न्यायी होतो, आणि भीतीच्या प्रसंगीं टिकून राहतां राहतां धैर्यवान् होतो. सराव वाईट असेल तर गवंडीही वाईटच निपजतो. म्हणून लहानपणीं कोणती सवय लागते ह्यास तो फार महत्त्व देतो.

सद्गुण बहुधा दोन दोषांच्या मध्यें असतो असें तो सांगतो. भित्रेपणा व आततायीपणा ह्यांच्या मध्यें धैर्य. कंजूषपणा व उधळेपणा ह्यांच्या मध्यें औदार्य. हा मध्य सर्वांस सारखा मापून देतां येत नाहीं. पहिलवानाचा आहार नवशिक्या पोरास देऊन चालत नाहीं, तसेंच हें. किती, केव्हां, कोणाशीं व कशासाठीं, हें ओळखणारा विवेक पाहिजे. परंतु कांहीं गोष्टींस मध्य मुळींच नाहीं, असेंही तो बजावतो. चोरी, खून व व्यभिचार हीं कृत्यें, आणि मत्सरासारखे विकार, थोडे काय किंवा फार काय, वाईटच होत.

आतां आमच्या वृद्ध बंधूंच्या प्रश्नाकडे वळूं. ॲरिस्टॉटल येथें चार पायऱ्या दाखवितो. एक मनुष्य वाईट करतो व त्यांतच त्यास गोडी वाटते. दुसऱ्यास बरें काय तें कळतें, पण वासना त्यास ओढून नेते. तिसऱ्याच्या मनांत वासना उठते, पण तो तिला आवरून बरें तेंच करतो. चौथ्यास बरें करण्यांतच आनंद वाटतो; त्याचें मन व त्याचा हात एकाच दिशेस चालतात. तिसरा स्तुतीस पात्र आहे खरा, परंतु पूर्ण सद्गुण चौथ्याचाच. ह्या मापानें पाहतां आमचे बंधु दारूच्या बाबतींत चौथ्या पायरीवर पोंचले आहेत. भावाच्या विहिरीच्या बाबतींत ते तिसऱ्या पायरीवर उभे आहेत. एकाच मनुष्याच्या शीलांत एक शेत पिकलेलें व दुसरें नुकतेंच नांगरलेलें असूं शकतें.

३. बंद दार

येथवर वाचून आमच्या वाचकांस ॲरिस्टॉटल आपलासा वाटूं लागला असेल. परंतु त्याचा 'राज्यशास्त्र' हा ग्रंथ उघडला म्हणजे मन थबकतें. कांहीं माणसें स्वभावतःच दास आहेत, असें तो तेथें म्हणतो. स्त्रियांस विचारशक्ति असली तरी तिला अधिकार नाहीं, असें म्हणतो. सर्वोत्तम राज्यांत शेतकरी, कारागीर व व्यापारी ह्यांस नागरिकत्व नसावें, कारण सद्गुणास फुरसत लागते व राबणाऱ्यास ती नसते. जमीन दासांकडून कसवून घ्यावी हें बरें, असेंही म्हणतो. म्हणजे आमचे वृद्ध बंधु त्याच्या शाळेच्या उंबरठ्यावरच अडविले गेले असते. दाराबाहेर उभें राहणें म्हणजे काय, हें आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांस कोणी पुस्तकांतून शिकवावें लागलें नाहीं.

ही चूक पुस्तकांतच राहिली नाहीं. इ. स. १५५० व १५५१ मध्यें स्पेन देशांत व्हॅलाडोलिड येथें मोठा वाद झाला. अमेरिकेंतील मूळ रहिवाशांस युद्धानें जिंकणें न्याय्य आहे, हें सिद्ध करण्यासाठीं सेपुल्वेदा ह्या पंडितानें ॲरिस्टॉटलच्या ह्याच मताचा आधार घेतला; आणि बार्तोलोमे दे लास कासास ह्या बिशपानें त्या लोकांच्या बाजूनें उभें राहून त्यास विरोध केला.

ॲरिस्टॉटल कोठें चुकला? त्याच्याच सिद्धांताचा त्यास विसर पडला. सद्गुण सरावानें येतो असें म्हणावयाचें, आणि ज्यांस सरावाची संधि मिळूं दिली नाहीं त्यांस जन्मतःच अपात्र ठरवावयाचें! ज्यास कधीं पाटी दिली नाहीं, त्यास अक्षर येत नाहीं म्हणून निर्बुद्ध म्हणावें, तसा हा न्याय झाला.

४. दास आणि बादशहा

ह्या मताचें जिवंत खंडन पुढें एका दासानेंच केलें. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटीं हिएरापलि नगराचा उल्लेख आमच्या वाचकांनीं वाचला असेल. त्या नगरांत पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एपिक्टेटस जन्मला. तो रोम शहरांत दास होता आणि पायानें अधू होता. पुढें त्यास मोकळीक मिळाली. बादशहा डोमिशियन ह्यानें तत्त्वज्ञान्यांस हांकलून दिल्यावर त्यानें ग्रीस देशांतील निकोपोलिस येथें शाळा काढली. त्यानें स्वतः कांहीं लिहिलें नाहीं. आरियन नांवाच्या शिष्यानें त्याचीं भाषणें उतरून घेतलीं. तो स्तोयिक पंथाचा होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायांत अथेन्स येथें पौलाशीं वाद करणाऱ्यांत ह्या पंथाचे लोक होते.

तो शिकवीत असे कीं, शरीर, मालमत्ता, कीर्ति व हुद्दा हीं आपल्या हातीं नाहींत. आपला निर्णय, आपली इच्छा व आपला संकल्प मात्र आपल्या हातीं आहेत, आणि सद्गुण तेथेंच राहतो. म्हणून तो दासासही अप्राप्य नाहीं. इ. स. १६१ ते १८० पर्यंत रोमचा बादशहा असलेला मार्कस ऑरेलियस ह्यानें एपिक्टेटसचीं भाषणें वाचलीं, आणि तीं आपणांस वाचावयास देणाऱ्या गुरूचे आपल्या वहींत आभार मानले. शेतकऱ्यास ज्या शाळेंत शिरकाव नव्हता, त्याच शाळेंत एक दास बादशहाचा गुरु झाला.

तरी स्तोयिकांची उणीवही सांगितली पाहिजे. दुसऱ्याच्या दुःखानें मन हलूं देणें हा ते ज्ञानी पुरुषाचा दोष मानीत. आणि दासाचें मन त्यांनीं मोकळें केलें, पण त्याच्या पायांतील बेडी तशीच राहिली.

५. मूळ आणि मशागत

उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (३५४ ते ४३०) ह्यानें सद्गुणाचा निराळाच अर्थ लाविला. रोम शहर ४१० मध्यें लुटलें गेलें, त्यानंतर कांहीं वर्षांनीं त्यानें 'देवाचें नगर' हा ग्रंथ लिहावयास घेतला. त्यांत तो म्हणतो कीं, सद्गुण म्हणजे प्रीतीची योग्य व्यवस्था. सोनें वाईट नाहीं, पण न्यायापेक्षां सोनें प्रिय झालें कीं व्यवस्था बिघडली. रोमी वीरांचीं मोठीं कृत्यें पुष्कळदां स्तुतीच्या हांवेनें झालीं, हें त्यानें दाखविलें. म्हणजे हातानें काय केलें एवढ्यावर न थांबता मन कशावर जडलें आहे तें त्यानें विचारलें.

तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस (मृत्यु १२७४) ह्यानें ॲरिस्टॉटल व ऑगस्टीन ह्यांस एकत्र आणिलें. त्यानें चार मुख्य सद्गुणांस विश्वास, आशा व प्रीति हे तीन जोडले. सरावानें येणारे सद्गुण निराळे, आणि हे तीन देवाच्या देणगीनें येणारे, असा त्यानें भेद केला. आणि प्रीतीवांचून बाकीचे सद्गुण अपुरे राहतात असें म्हटलें.

मार्टिन लूथर ह्यानें १५०८ मध्यें विटेनबर्ग येथें ॲरिस्टॉटलचें नीतिशास्त्र शिकविलें होतें. परंतु १५१७ मध्यें, आपले सुप्रसिद्ध ९५ सिद्धांत काढण्याच्या कांहीं आठवडे आधीं, त्यानें दुसरे सिद्धांत मांडून त्याच शास्त्रावर हल्ला केला. त्याचा मुद्दा असा कीं, नीतिमान् कृत्यें करून कोणी नीतिमान् होत नाहीं. आधीं देवाच्या कृपेनें नीतिमान् केला गेलेला मनुष्यच नीतिमान् कृत्यें करतो. झाड आधीं, फळ मागून. तरीसुद्धां त्याचा सहकारी मेलांख्थोन ह्यानें समाजांतील आचरणाच्या शिक्षणासाठीं ॲरिस्टॉटलचें नीतिशास्त्र शिकविणें सोडलें नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें हा वाद मूळ कोठून मिळतें ह्याविषयीं आहे. मशागत नको, असें त्यावरून कोणीं समजूं नये.

६. कर्तव्य आणि हिशेब

अठराव्या शतकांत पहिला प्रश्न, म्हणजे 'मीं काय करावें?' हा, पुन्हां पुढें आला. इमॅन्युएल कांट ह्यानें १७८५ मध्यें एका दुकानदाराचें उदाहरण दिलें. दुकानदार अजाण गिऱ्हाइकासही फसवीत नाहीं; पण तें धंदा टिकावा म्हणून, कीं तें कर्तव्य आहे म्हणून? कर्तव्यासाठींच केलेल्या कृत्यास खरी नैतिक किंमत आहे, असें कांट म्हणतो. ज्याचें मन दुःखानें थिजून गेलें आहे, तरीही जो केवळ कर्तव्य म्हणून दुसऱ्यास हात देतो, त्याच्या कृत्यांत ती किंमत विशेष स्पष्ट दिसते. गाळ काढावयास गेलेल्या आमच्या बंधूंस येथें धीर मिळेल. ॲरिस्टॉटलनें त्यांस तिसऱ्या पायरीवर ठेविलें. कांट म्हणाला असता, मन जळत असतांना तुम्ही गेलांत, हेंच मोलाचें.

इंग्लंडांत जेरेमी बेंथाम ह्यानें १७८९ मध्यें व जॉन स्टुअर्ट मिल ह्यानें १८६१ मध्यें दुसरें माप दिलें: ज्या कृत्यानें सर्वांच्या सुखांत अधिकांत अधिक भर पडेल तें योग्य, आणि हिशेब करतांना कोणाचेंही सुख दुसऱ्यापेक्षां अधिक मोजावयाचें नाहीं.

ह्या दोन मतांनीं ॲरिस्टॉटलचें बंद दार उघडलें, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. कोणत्याही मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें कांटानें म्हटलें. आणि मिलनें १८६९ मध्यें स्त्रियांच्या दास्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. परंतु कांहीं हरवलेंही. कांटानें १७९७ मध्यें सद्गुणांवर लिहिलें खरें, तरी पुढील पंडितांचें लक्ष बहुतेक कृत्याच्या नियमाकडेच लागलें. मनांतील मत्सर कसा जावा, मुलास सत्याची गोडी कशी लागावी, हे प्रश्न मागें पडले.

७. जुना प्रश्न परत येतो

इ. स. १९५८ मध्यें एलिझाबेथ ॲन्स्कम ह्या बाईंनीं एक लेख लिहून हें उघड केलें. त्या ऑक्सफर्ड येथें शिकवीत. ज्या अध्यक्षांच्या हुकुमानें १९४५ मध्यें हिरोशिमा व नागासाकी ह्या शहरांवर अणुबॉम्ब टाकले गेले, त्या ट्रुमन ह्यांस १९५६ मध्यें ऑक्सफर्डनें सन्मानाची पदवी देऊं केली, तेव्हां त्यांनीं उघड विरोध केला होता. त्यांचा मुद्दा असा: पंडितांनीं नियम देणाऱ्या देवास बाजूला सारलें, पण 'केलेंच पाहिजे' हा नियमाचा शब्द तेवढा ठेविला, आतां तो शब्द मुळावांचून लोंबकळत आहे. आधीं मनुष्याचें मन व सद्गुण म्हणजे काय हें नीट समजून घ्यावें.

दुसऱ्या बाई आयरिस मर्डॉक. त्यांनीं १९७० मध्यें प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत एका सासूची गोष्ट आहे, ती आमच्या घरोघरच्या भगिनींस सहज समजेल. सासूस सून गांवढळ व उथळ वाटते. सासू वागण्यांत कांहींच उणें पडूं देत नाहीं. पण मनांत तिचें मत वाईटच असतें. पुढें ती स्वतःस विचारते, 'माझीच दृष्टि कोती नाहीं ना? मलाच मत्सर वाटत नाहीं ना?' आणि ती सुनेकडे पुन्हां पुन्हां, न्यायानें व मायेनें पाहूं लागते. हळूहळू तिला दिसतें कीं, जिला आपण गांवढळ म्हणत होतों ती साधी व मोकळी आहे. बाहेरचें वागणें पूर्वीं होतें तेंच आहे. बदलली ती दृष्टि. केवळ कृत्यें मोजणाऱ्या शास्त्रास हा बदल दिसणारच नाहीं, असें मर्डॉकबाई म्हणतात.

तिसरे ॲलॅस्डेर मॅकिंटायर (१९२९ ते २०२५). त्यांनीं १९८१ मध्यें लिहिलें कीं, सद्गुण एकट्यादुकट्यानें शिकतां येत नाहींत. त्यांस एकत्र कार्य करणारी माणसें, परंपरा व समाज लागतो. त्यांचें उदाहरण असें: मुलास खाऊ देऊन बुद्धिबळ शिकवावें. आरंभीं तो खाऊसाठीं खेळेल व संधि साधून फसवीलही. पण एकदां खेळाचीच गोडी लागली, म्हणजे फसवण्यानें आपलेंच नुकसान होतें हें त्यास कळेल.

८. आम्हां शिकविणाऱ्यांची परीक्षा

येथें एक इशारा आहे, आणि तो आम्हां पाळक-उपदेशकांसच अधिक लागू आहे. जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन ह्या मानसशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथें धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९७३ मध्यें प्रसिद्ध केला. प्रत्येकास दुसऱ्या इमारतींत जाऊन थोडें भाषण करावयास सांगितलें. कित्येकांस विषय दिला होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला. वाटेंत दारापाशीं एक मनुष्य कण्हत, खोकत पडलेला ठेविला होता. ज्यांस वेळ होता त्यांच्यापैकीं शेंकडा ६३ जणांनीं मदत केली. ज्यांस फार घाई लावली होती त्यांच्यापैकीं अवघ्या शेंकडा १० जणांनीं. शोमरोन्यावर बोलावयास निघालेल्यांत आणि इतरांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं.

ह्यावरून कित्येक पंडित म्हणतात कीं, शील म्हणून कांहीं नाहींच; प्रसंग नेईल तसा मनुष्य जातो. आम्हांस तसें वाटत नाहीं. घाई असतांही कांहीं जण थांबले. परंतु एवढें खरें कीं, दाखला पाठ असणें म्हणजे दया अंगीं असणें नव्हे. ज्ञान जिभेवर असतें. सद्गुण पायांत असावा लागतो, म्हणजे पाय आपोआप थांबतात.

९. निष्कर्ष

ह्या दीर्घ इतिहासांतून आम्ही इतकें घेतों. नियम हवा, कारण दुबळ्यास तो कुंपणाप्रमाणें राखतो. पण कुंपण म्हणजे पीक नव्हे. सराव हवा, कारण मन एका दिवसांत वळत नाहीं. दृष्टि शुद्ध करणें हवें, कारण मत्सर डोळ्यांतून आंत शिरतो. मंडळी हवी, कारण एकट्याचा सराव सुटतो. आणि ह्या सर्वांच्या मुळाशीं कृपा हवी, नाहीं तर सद्गुणाचाच गर्व होतो. ह्या शाळेचें दार कोणासही बंद नाहीं. राबणाऱ्यास तर नाहींच नाहीं.

गेल्या महिन्यांत आम्ही पुन्हां त्या वस्तीवर गेलों व आमच्या वृद्ध बंधूंस म्हणालों, "बाबा, तुम्ही गाळ काढायला गेलांत तें बरोबरच केलें. जात राहा. पण भावाच्या विहिरीकडे पाहतांना आपल्या कोरड्या हाताकडे पाहूं नका. त्याच्या लेकरांच्या ओल्या हांड्याकडे पाहा. मन वळण्यास वेळ लागेल." मग आम्हींही एक गोष्ट कबूल केली. शेजारच्या मंडळीचें नवें मंदिर उभें राहिलें, तेव्हां आम्हीं उपकारस्तुतीची प्रार्थना केली होती, आणि आंत आमचेंही मन खट्टू झालें होतें.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे साहेब, आपण दोघे एकाच वर्गांत." आम्हीं म्हटलें, होय.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या स्वभावांतील कोणती गोष्ट चौथ्या पायरीवर आहे व कोणती तिसऱ्या? प्रत्येकानें मनांत उत्तर द्यावें.
२. ॲरिस्टॉटलचें कोणतें मत घ्यावें व कोणतें टाकावें? कां?
३. गाळ काढणाऱ्या भावाविषयीं ॲरिस्टॉटल व कांट ह्यांचें मत भिन्न कसें? तुम्हांस कोणाचें पटतें?
४. सासूच्या गोष्टींत बाहेरून कांहींच बदललें नाहीं. तरी काय बदललें?
५. ह्या आठवड्यांत घाईमुळें आपण कोणास ओलांडून गेलों काय?